उलट्या बटणाची टेप

१

लोक शूटिंग वाईट करतात, त्याला इलाज नाही. कॅमेरा हातात आला की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. आकाश दाखवतील, पंखा दाखवतील, समोर उभ्या माणसाचं मुंडकं कापतील आणि वर म्हणतील, जरा नीट करून द्या. कात्रीचं सगळं आयुष्य हे नीट करून देण्यात गेलं. त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. फिल्म कापून चिकटवायच्या काळापासून त्याला कात्री म्हणत. कापाकापी कॉम्प्युटरवर आली तरी नाव तेच राहिलं.

त्याची रीत ठरलेली. सकाळी नऊला बंदिस्त केलेल्या बाल्कनीत जाऊन बसायचं. पंखा बंद करायचा, कारण पंखा कुरकुरतो आणि ती कुरकुर कानात शिरते. आलेली टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघायची, कशाला हात न लावता. मग कागदावर लिहायचं: हे चांगलं, हे चालेल, हे मेलेलं. मेलेलं म्हणजे जमीन, खिसा, लेन्सवरच्या झाकणाचा काळोख. ते आधी कापून टाकायचं.

त्या दिवशी धाकटी बहीण आली. भिंतीला हात लावत दोन जिने चढली आणि दारातच म्हणाली, "दादा, एक टेप सापडलीय."

"कुणाची?"

"ह्यांची. कपाटात होती, मागे सारून ठेवलेली."

"मग टाकून दे. तुझ्या नवऱ्यानं जन्मात एक सरळ शूटिंग केलं नाही. त्याच्या हातात कॅमेरा म्हणजे माकडाच्या हातात कोलीत."

"ते गेले दादा. आता तरी सोड त्यांना."

"गेला म्हणून काय हात स्थिर झाला?"

ती हसली नाही. खुर्ची चाचपून बसली. "मुंगी आहे त्यात," म्हणाली.

कात्रीनं टेपसाठी हात पुढे केला. मुंगी म्हणजे तिची मुलगी. कायम भिंतीच्या कडेकडेनं चालायची म्हणून मामानंच ठेवलेलं नाव. सात वर्षांची होती. घर बदललं, नव्या घरात एकोणीस दिवस राहिली, दोन दिवस ताप आला आणि गेली. त्याला बावीस वर्षं झाली. मागे फोटो राहिले चार, आणि चारही फोटोंत पोर ठोकळ्यासारखी उभी.

"उजवा डोळा गेलाच आता," बहीण म्हणाली. "डावा दोन महिने, फार तर तीन, असं डॉक्टर म्हणतो. नळीतून बघितल्यासारखं दिसतं. मधलं तेवढं दिसतं, कडेचं सगळं गेलं. हे म्हणायचे, जुनं घर सोडलं त्या दिवशीची टेप खराब झाली, काही आलं नाही. पण टाकली तर नाही ना त्यांनी? मला ती हलताना बघायचीय, दादा. एकदाच."

"चेहरा काढून देतो."

"आहे का पण त्यात?"

"नसला तरी काढतो," कात्री म्हणाला.

२

टेप एकतीस मिनिटांची निघाली. तुकडे चौदा. कात्रीनं रीतीप्रमाणे बघितली आणि कागदावर चौदा वेळा एकच शब्द लिहिला. मेलेलं.

फरशी. मेव्हण्याचे बूट. भिंतीचा खालचा रंग उडालेला पट्टा. पुन्हा फरशी. सगळं लोंबकळत, हेलकावे खात. घर सोडायच्या दिवसाचं शूटिंग होतं. सामान खाली ट्रकमध्ये चढत होतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या तीन खोल्यांमधून मेव्हणा पोरीला घेऊन फिरत होता. आठवण म्हणून. त्या आठवणीत कमरेच्या वर एकही माणूस नव्हता.

दुसऱ्यांदा बघताना त्याच्या ध्यानात आलं. प्रत्येक तुकडा सुरू होताना मेव्हण्याचा आवाज यायचा, "हां, झालं, मस्त आलं." आणि संपताना, "चल, बघ इकडे, हस," की टेप तुटायची.

कात्री मोठ्यानं हसला. मग त्यानं एक शिवी दिली. त्या कॅमेऱ्याला बटण एकच असतं. दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. गड्यानं सुरुवातीलाच कुठेतरी एकदा जास्त दाबलं होतं, आणि तिथून पुढे दिवसभर सगळं उलटं झालं होतं. पोरीसमोर कॅमेरा धरला की बंद. बंद केला असं समजून हात खाली सोडला की चालू. आत डोळ्यापाशी लाल ठिपका दिसतो, पण डोळा लावायला हा चष्मा काढायचा, आणि चष्मा काढला की याला सख्खी आई ओळखू यायची नाही.

म्हणजे मेव्हण्यानं जे जे मुद्दाम घेतलं, ते कुठेच नव्हतं. ज्या वेळी कॅमेरा बंद आहे असं सगळ्यांना वाटत होतं, तेवढाच वेळ टेपवर होता.

"मग परत द्या तिला," बायको दारातून म्हणाली. "नाही म्हणून सांगा सरळ."

"परत द्यायला मी पोस्टमन आहे?"

"नाही, पोस्टमन बरा. तो वेळेवर जेवतो."

३

त्यानं ती जमीन चाळायला घेतली, एकेक फ्रेम. कुठे काचेत, कुठे पॉलिश केलेल्या दारात पोरीचा चेहरा पडला असेल तर उचलायचा. दोन दिवस गेले. पोरीचे अनवाणी पाय मिळाले, फ्रॉकची झालर मिळाली, एकदा हनुवटी मिळाली. हनुवटी त्यानं जपून बाजूला काढून ठेवली.

आवाज त्यानं तिसऱ्या दिवशी ऐकला. कॅमेरा मेव्हण्याच्या हातात लोंबत होता, म्हणजे बरोबर पोरीच्या तोंडाच्या उंचीला. त्यामुळे ती जे कुजबुजली ते बापाच्या बोलण्यापेक्षा स्वच्छ आलं होतं. तिसऱ्या तुकड्यात बापाचं "मस्त आलं" झालं, आणि लगेच:

"बंद झाला. ये."

कात्रीनं मागे घेऊन पुन्हा ऐकलं. खेळत असेल. पोरं एकटी असली की बडबडतात. आणि ही तर भिंतीशीसुद्धा बोलायची. त्यानं पुढे जाऊ दिलं. फरशी, फरशी, उंबरा, फरशी. तुकडा संपत आला. बाप "चल, बघ इकडे" म्हणायच्या जरासं आधी पोर हळूच म्हणाली, "लप."

त्यानं सगळे तुकडे तपासले. नऊ तुकड्यांत तेच. कॅमेरा खाली आला की ये, वर जायला लागला की लप. एकदा बापानं विचारलंसुद्धा, "काय गं?" तर पोर म्हणाली, "काही नाही." खेळ म्हणावा तर पोरं खेळात चुकतात, कंटाळतात, मध्येच दुसरंच काढतात. ही एकदाही चुकली नव्हती.

सातव्या तुकड्यात कॅमेऱ्यानं जरा मोठा हेलकावा घेतला आणि आठ फ्रेम पोरीचा हात दिसला. खांद्यापासून मनगटापर्यंत. हात वर गेलेला, ताणलेला, मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना जातो तसा. मनगटाच्या वर फ्रेम संपत होती.

कात्रीनं पंखा लावला. उकडत होतं म्हणून. मग बंद केला.

४

बायकोला बोलावून त्या आठ फ्रेम दाखवल्या.

"बापाचा हात धरला असेल."

"बापाच्या एका हातात कॅमेरा. दुसऱ्यात किल्ल्या. वाजताहेत, ऐक."

"मग आईचा."

"ती खाली ट्रकपाशी. हाका मारतेय बघ खालून."

"मग कठडा धरला असेल."

"खोलीच्या मधोमध कठडा?"

"मला काय विचारता? मी बांधलं का ते घर?" बायको म्हणाली. पण ती लगेच गेली नाही. पदरानं मॉनिटरवरची धूळ पुसत उभी राहिली आणि मग म्हणाली, "अहो, एवढंच असेल तर हनुवटीच द्या तिला."

"हनुवटीला काय करायचंय! चेहरा म्हणालो, तर चेहरा."

आणि चेहरा निघाला. अकराव्या तुकड्यात. आधी बघताना कात्रीनं तो तुकडा मेलेला म्हणून लिहिला होता, कारण सुरुवातीला सगळं पांढरंफटक होतं. मेव्हण्यानं कॅमेरा बंद केला समजून आतल्या खोलीच्या खिडकीत ठेवला होता, आणि "आलोच, माळा बघून येतो" म्हणून निघून गेला होता. उजेड अंगावर येऊन चित्र जळालं होतं. पण कात्रीनं तो पांढरेपणा खाली खाली ओढला तशी त्यातून खोली वर आली. रिकामी खोली, समोर बंद दार, आणि मधोमध फरशीवर मांडी घालून मुंगी. कॅमेरा स्थिर. एकतीस मिनिटांत तेवढाच एक स्थिर तुकडा, आणि तोही कुणी न धरलेला.

पोर कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या किंचित वर, किंचित उजवीकडे बघत होती. कॅमेऱ्यामागे चार बोटं जागा, मग बंद काच, मग तिसऱ्या मजल्यावरून सरळ खाली रस्ता.

"बंद झाला," ती म्हणाली. वाट बघितली. मग तिचा चेहरा खुलला.

बाहेर लांब, खालून, बहिणीची हाक आली, "अहो, उतरा लवकर!"

"नव्या घरी पण?" मुंगीनं विचारलं. थोडं थांबली. मान हलवली. "नाही सांगणार आईला."

कात्रीनं आवाजाची पट्टी शून्यावर आणली. त्याला चित्राचं काम करायचं होतं.

५

चित्रात खोट एकच होती. पोरीच्या चेहऱ्यावर उजेड येतजात होता. मध्येच काळोखी यायची, सरकायची, जायची. ढग असणार. वाऱ्याच्या दिवशी असं होतं, त्याची दुरुस्तीही ठरलेली. जिथे काळं झालं तिथे तेवढाच उजेड चढवायचा, फ्रेमनं फ्रेम. कंटाळवाणं काम आहे, पण कंटाळवाण्या कामाला तो कधी भ्यायला नव्हता.

काम करता करता त्याच्या लक्षात आलं की ढगाला काठ आहे.

ढगाची सावली सगळ्या खोलीवर येते. ही फरशीवर नव्हती, दारावर नव्हती. फक्त पोरीच्या अंगावर होती. खांद्यावरून वर चढून गालावर आली की तिचे फाटे व्हायचे. कात्रीनं फाटे मोजले नाहीत. त्यानं त्यावर उजेड चढवला. दुसऱ्या फ्रेमला चढवला. तिसऱ्या फ्रेमला चढवला. अशा चारशे दहा फ्रेम त्यानं धुऊन काढल्या, पाठ भरून आली तरी उठला नाही, आणि शेवटी पोरीचा चेहरा एकसारखा, स्वच्छ, सकाळसारखा झाला.

मग त्यानं सलग चालवून बघितलं. सावली गेली होती. पण सावली जिथे गालावरून कानाकडे जायची, तिथे आता काहीच नसताना पोरीची कपाळावर आलेली बट उचलली गेली आणि कानामागे खोचली गेली. आपोआप. आणि त्याच क्षणी पोर हसली. पुढचे दोन दात पडलेले, डोळे बारीक झालेले, असं खदखदून.

ते हसू टेपवर एकदाच होतं. बट कापावी तर हसू जात होतं.

कात्री बराच वेळ दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसला. खिडकी बंद असली तरी फटीतून वारा येतो. जुन्या इमारतींत येतोच. वारा बट उडवतो, खोचत नाही, हे त्याला कळत होतं. पण त्याला बहिणीला चेहरा द्यायचा होता, आणि चेहरा हा होता.

त्यानं बट ठेवली.

६

बहीण आली त्या दिवशी त्यानं तिची खुर्ची मॉनिटरच्या अगदी जवळ सरकवली आणि चेहरा बरोबर मधोमध आणून मोठा केला, तिच्या नळीत बसेल एवढा.

"लावू?"

"थांब." तिनं चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "लाव."

चाळीस सेकंदांचा तुकडा. संपला तेव्हा ती म्हणाली, "परत." मग पुन्हा, "परत." सहाव्या वेळी तिला बोलता आलं.

"दात पडले होते रे. मी विसरलेच होते दात पडले होते ते." मग म्हणाली, "माझ्याकडेच बघतेय बघ. कशी बघतेय!"

"हं," कात्री म्हणाला.

बायको मागे उभी राहून डोळे पुसत होती. कात्रीला वाटलं, झालं काम. दिलं. सुटलो.

"दादा," बहीण म्हणाली, "आवाज नाही का याला?"

"आवाज खराब आलाय."

"थोडासुद्धा नाही?"

"खरखर आहे नुसती. कशाला? चेहरा बघ ना तू."

"चेहरा बघितला. पोटभर बघितला. पण दोन महिन्यांनी हा मला दिसायचा नाही, दादा. मग मी काय करू याचं? कान तेवढे राहणार माझे." ती त्याच्याकडे वळली, पण त्याच्या खांद्याशेजारच्या भिंतीकडे बघत होती. "हसताना आवाज येत असेल ना तिचा? तेवढाच दे. मला अंधारात तेवढं पुरेल."

७

"नका देऊ," बायको म्हणाली. बहीण जिना उतरून गेल्यावर लगेच. "मी ऐकलंय ते."

"कधी ऐकलंस?"

"तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा. नव्या घरी पण, म्हणते ती. एकोणीस दिवसांत गेली पोर. आईनं हे ऐकायचं?"

"बोललेलं काढणार. फक्त हसू ठेवणार."

"आणि नाही निघालं तर?"

"चाळीस वर्षं काय भजी तळली मी?"

हसू अकरा सेकंदांचं होतं. त्यानं आधी खालची हाक काढली, मग पोरीचं बोलणं काढलं. ट्रकच्या इंजिनाची घरघर काढली. मागे खर्जात काहीतरी राहिलं. मशीनची गुणगुण असेल म्हणून त्यानं तेवढी पट्टी खाली घेतली. पोरीचं हसू पातळ झालं. पुन्हा वर घेतली. हसू भरलं. त्यानं दुसरी रीत करून बघितली, तिसरी केली. शेजारच्या एडिटरकडून नवं सॉफ्टवेअर आणलं. तो पोरगेला माणूस म्हणाला, "काका, हे दोन आवाज वेगळे करून देतं, एका मिनिटात." कात्री म्हणाला, "दोन कुठे आहेत?" तो म्हणाला, "असले तर."

पाच दिवस तो हेडफोन लावून बसला. गुणगुण पोरीच्या हसण्याबरोबर सुरू होत होती. पोर श्वास घ्यायला थांबली की तीही थांबत होती. पोरीपेक्षा जवळ होती ती, कितीतरी जवळ, माइकला तोंड लागावं इतकी. पाचव्या दिवशी दुपारी त्याला कळलं की ती गुणगुण नाही. तोंड मिटून हसतात तसं कुणीतरी हसत होतं. मोठं माणूस. बाई. सावकाश, लाडानं.

ती काढली की मुंगीचं हसू मरत होतं. सगळ्या रीती करून झाल्या. दोन्ही एकमेकांत असे विणले गेले होते की कात्री लावायला जागा नव्हती.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून अजून बारीक आवाज येत होता. तो बंद करायला त्यानं हात पुढे केला. पोरीचं "बंद झाला. ये" आठवलं आणि बंद करायची त्याची हिंमत होईना. शेवटी त्यानं आवाज चालूच ठेवला आणि तसाच उठून जेवायला गेला.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"होत नाही."

"मग सांगा तिला, होत नाही."

"ती आंधळी होणार आहे," कात्री म्हणाला. "तिनं माझ्याकडे दुसरं काय मागितलं जन्मात?"

बायकोनं ताट पुढे सारलं.

८

त्यानं ती अकरा सेकंदं बहिणीच्या घरीच नेली. तिच्या साध्या प्लेअरमध्ये घातली, कोणतं बटण ते तिचं बोट धरून दाखवलं. भर दुपार होती. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं मुद्दाम डोळे मिटून घेतले, सराव म्हणून.

मुंगी हसली. खोलीभर हसली. संपलं तेव्हा बहिणीनं डोळे उघडले नाहीत. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि ओठ हसत होते. तिनं चाचपून बटण दाबलं, पुन्हा ऐकलं. मग पुन्हा.

चौथ्या वेळी तिनं मान किंचित कलती केली.

"दादा," ती म्हणाली, "किती हसताहेत रे दोघी."

कात्रीनं प्लेअरकडे बघितलं.

"दुसरी मीच ना?"

ट्रकपाशी उभं राहून तिनं मारलेली हाक त्यानं आपल्या हातानं कापली होती. आता ती कुठेच नव्हती. बहीण तोंड वर करून वाट बघत होती.

"हो," तो म्हणाला. "तूच. दुसरी कोण असणार?"

"मला आठवतच नाही मी कधी गेले तिथे. बघ, डोळ्यांबरोबर डोकंही चाललं माझं." तिनं पुन्हा लावलं, आणि या वेळी आवाज जुळतो का बघायला स्वतःही हसली. तोंड मिटून, हळू. मग थांबली. पुन्हा एकदा हसून बघितलं.

जुळत नव्हतं.

"आवाज फार बदलला माझा," ती म्हणाली.

"बदलतो," कात्री म्हणाला. "वय झालं की बदलतो."

तिनं मान हलवली, बटण दाबलं, आणि त्या दुसऱ्या आवाजासारखं हसायचा प्रयत्न करत बसली. कात्री तिच्याशेजारी बसून राहिला. संध्याकाळपर्यंत तिला ते बऱ्यापैकी जमायला लागलं होतं.